बास, बास-बॅरिटोन की बॅरिटोन? माझा आवाज कोणता?

भजनात खर्ज छान लागतो म्हणून चर्चच्या कॉयरमधल्या मित्राने तुम्हाला ‘बास’ ठरवलं, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावर मानू नका. आपल्या गोव्यातले कॉयर बहुधा चार भागांत गातात: सोप्रानो आणि आल्टो हे बायकांचे, टेनर (वरचा) आणि बास (खालचा) हे पुरुषांचे. त्यात बॅरिटोनला, म्हणजे टेनर आणि बासच्या मधल्या आवाजाला, वेगळी जागाच नाही. टेनरचे वरचे सूर ज्याला झेपत नाहीत, तो बासांच्या रांगेत जातो. फोंड्याहून पणजीला तालमीला जायचो तेव्हा मीही तीन वर्षं त्याच रांगेत होतो, आणि मी बॅरिटोन आहे.

काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा धरा. मंद्र म्हणजे खालचं सप्तक, तार म्हणजे वरचं. ऑपेरातला बास साधारण मंद्र कोमल गंधारापासून तार कोमल गंधारापर्यंत गातो. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातला (१७९१) झारास्त्रो, हे बासचं पात्र, मंद्र शुद्ध गंधारावर उतरतो. बॅरिटोन खाली मंद्र कोमल धैवताच्या आसपास थांबतो, वर मात्र तार तीव्र मध्यम आणि क्वचित त्याही पुढे जातो.

पण खालच्या सुरावरून आवाजाची जात ठरत नाही. पहाटे कुणाचाही खर्ज खोल लागतो. माझ्या गुरूंनी मला खाली गायलाच लावलं नाही. ‘आ’कारात हळूहळू वर नेलं आणि आवाज कुठे वळतो, म्हणजे त्याचा पोत कुठे बदलतो, ते ऐकलं. या वळणाला पासाज्जो म्हणतात. बासचा आवाज तार षड्ज-कोमल रिषभाजवळ वळतो, बॅरिटोनचा तार शुद्ध रिषभ-कोमल गंधाराजवळ. आणि तासभर न थकता आवाज कुठे रमतो, हेही बघतात. बास-बॅरिटोन या दोघांच्या मधला: वजन बासचं, पण वरही ताकदीने जाणारा. वाग्नरच्या ऑपेरांतला देव वोटान हे त्याचं ठळक उदाहरण.

कानाने ओळखायचं तर मोझार्टच्याच ‘डॉन जोवान्नी’ची (१७८७) सुरुवात ऐका. जोवान्नीशी झालेल्या द्वंद्वयुद्धानंतर म्हातारा सरदार कमेंदातोरे मरतोय आणि तीन खालचे आवाज एकत्र गातायत. कमेंदातोरे बास, नोकर लेपोरेल्लो बास किंवा बास-बॅरिटोन, जोवान्नी बहुतेकदा बॅरिटोन. अंधारात तीन वेगळे रंग दिसावेत तसं वाटतं, मला दर वेळी काटा येतो. मोझार्टच्या काळी तिघेही बासच म्हणवले जात. बॅरिटोन ही वेगळी जात एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. ‘रिगोलेत्तो’ हा ऑपेरा (१८५१) ऐकलात तर व्हेर्दीने या आवाजाकडून वर किती काम घेतलंय ते कळेल.

विशीत असाल तर आत्ताच शिक्का मारून घेऊ नका, खालचे आवाज तिशीपर्यंत पिकत राहतात. आणि गळा दाबून खर्ज जाड करू नका. मी तेच केलं होतं. वरचे सूर कोरडे पडले, ते परत यायला वर्ष गेलं.