विमानाच्या हत्यारांना आरएफआयडी टॅग लावले तर हरवलेलं हत्यार सापडतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: हत्यारांना आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी ओळखचिठ्ठी) लावले तर विमानात राहून गेलेला पाना सापडेल का, आणि तेच टॅग विमानाच्या भागांनाही लावता येतील का.

पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’. बिनबॅटरीचा यूएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) टॅग रीडरच्या, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या, लहरींवरच चालतो, आणि पाना पंखाच्या पोकळीत किंवा इंजिनात पडला असेल तर भोवतीचा धातू त्या लहरी आत पोचू देत नाही. पाना परत आलेला नाही, तो कोणी आणि कोणत्या विमानासाठी नेला, एवढं मात्र सिस्टिम लगेच सांगते. शोधायचं काम माणसांचंच.

टॅग ‘ऑन-मेटल’च, म्हणजे धातूवर चालेल असा बनवलेलाच घ्या. साधा स्टिकर टॅग लोखंडावर चिकटवला की जवळजवळ मुका होतो. भारतात या कामाला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे; अमेरिकेसाठीचे टॅग ९०२ ते ९२८ला जुळवलेले असतात, ते आणले तर इथे वाचनाचं अंतर बरंच घटतं. चिकटवताना आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेल पुसा, जागा पॉलिश पेपरने खरवडा, दोन भागांचं इपॉक्सी लावा आणि ते पूर्ण सुकेपर्यंत हत्यार वापरात देऊ नका. विमानाच्या हायड्रॉलिक यंत्रणेतलं स्कायड्रोल नावाचं द्रव बरीच प्लास्टिकं आणि रंग खातं, म्हणून टॅगचं आवरण आणि गोंद त्याला टिकतो का हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. टॅगसाठी हत्यारात भोक पाडायचं नाही, टॉर्क रेंचमध्ये (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यात) तर अजिबात नाही. निखळलेला टॅग म्हणजे विमानात पडलेला आणखी एक कचरा, म्हणून हत्यारावर नंबर कोरलेला हवाच आणि दर तपासणीत टॅग बोटाने हलवून बघायचा.

छोटे सॉकेट आणि बिट यांना टॅग लावायच्या नादी लागू नका. त्यांना फोमचे खाचे करा. रिकामा खाचा डोळ्याला लगेच दिसतो. ट्रेला एकच टॅग लावलात तर तो फक्त ट्रे आल्याचं सांगतो, आतले सॉकेट पूर्ण आहेत असं नव्हे.

खरी मेख हत्यारं ठेवायच्या, आत टॅग वाचणारा अँटेना असलेल्या कपाटात आहे. कपाटाचं दार उघडं असताना आतला अँटेना समोरच्या बाकावर ठेवलेलं हत्यारही वाचतो आणि स्क्रीनवर ते ‘जमा’ दिसतं. आत असलेलं हत्यार वाचलं गेलं नाही तर फक्त वेळ जातो. बाहेरचं आत दिसलं तर विमान तसंच सुटतं. म्हणून गणना दार बंद झाल्यावरच होईल असं सेटिंग करा, अँटेनाची पॉवर गरजेपुरतीच ठेवा, आणि चालू करण्याआधी एकेक हत्यार मुद्दाम बाहेर, दाराला टेकवून ठेवून चाचणी घ्या. दोन टॅग एकमेकांना चिकटले तर एक गायब होतो. त्यालाही फोमचे खाचेच उपयोगी.

एवढं करूनही शेवटचं कुलूप कागदावरच लागतं. क्वांटासच्या ए३८० विमानाच्या इंजिनात डिसेंबर २०२३मध्ये सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं हत्यार राहिलं. ऑस्ट्रेलियाच्या एटीएसबी या वाहतूक सुरक्षा तपास संस्थेच्या अहवालाप्रमाणे ते परत आलेलं नाही हे लक्षात आलं होतं, पण हरवलेल्या हत्याराची कार्यपद्धती सुरू न करताच विमान सोडलं गेलं. १ जानेवारी २०२४ला लॉस एंजेलिसमध्ये हत्यार सापडलं तोवर ३४ उड्डाणं झाली होती. त्यामुळे ‘हत्यार बाकी’ असेल तर रिलीजची, म्हणजे विमान उड्डाणाला सोडायची, सही अडली पाहिजे. ही जोडणी नसेल तर माझ्या मते सगळा खर्च शोभेचा.

आता भाग. हत्यार विमानाचा हिस्सा नसतं, भागावरचा टॅग मात्र विमानाबरोबर उडतो, म्हणून स्वतःच्या मनाने चिकटवता येत नाही. टॅग एसएई एएस५६७८ या विमानातल्या टॅगच्या मानकाप्रमाणे तपासलेला, त्यातला मजकूर एटीए स्पेक २००० या विमान उद्योगाच्या माहिती-मानकाच्या नवव्या प्रकरणाप्रमाणे, आणि बसवायला मंजूर डिझाइन डेटा (मान्यता मिळालेली तांत्रिक कागदपत्रं) लागतो. सुरुवात सीटखालच्या लाइफ जॅकेटपासून करा: हातातला रीडर घेऊन मधल्या वाटेने चालत गेलं की प्रत्येक जॅकेट जागेवर आहे का आणि त्याची मुदत कधी संपते ते कळतं, एकेक सीट चाचपावी लागत नाही. हातातला रीडर इंधनटाकीत मात्र नेऊ नका, स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित असल्याशिवाय.