उन्हाने रापणारी त्वचा आणि न रापणारे तळहात

प्रश्न : आमच्या घरची माणसे आगरवाड्याच्या मिठागरात काम करतात. उन्हाळ्यात त्यांचे हात आणि चेहरा काळवंडतात, पावसाळ्यात रंग बराचसा निवळतो, तळहात मात्र कधीच रापत नाहीत. उन्हामुळे जनुके बदलतात का? हा रंग मुलांत उतरतो का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : त्वचा रापण्यासाठी जनुकांचा मजकूर बदलावा लागत नाही, तो किती जोमाने वाचला जातो, म्हणजे त्यावरून प्रथिने किती बनतात, एवढेच बदलते. मेलॅनिन हे त्वचेचे रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराचे (एन्झाइमचे) जनुक शरीरातील बहुतेक पेशींत असले, तरी ते प्रामुख्याने रंगपेशींतच वाचले जाते, कारण तेथे एमआयटीएफ हे प्रथिन असते आणि ते त्या जनुकाच्या आरंभाजवळील ‘सीएटीजीटीजी’ या डीएनएच्या सहा अक्षरांवर बसून वाचन सुरू करते.

उन्हाची वर्दी रंगपेशीला मुख्यतः शेजारच्या केराटिनोसाइट, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील बहुसंख्य, पेशींकडून मिळते. अतिनील किरणांनी त्यांच्या डीएनएला इजा झाली, की पी५३ हे प्रथिन पीओएमसी हे जनुक सुरू करते, असे २००७ मध्ये दाखवले गेले. त्यातून निर्माण होणारे अल्फा-एमएसएच हे संप्रेरक रंगपेशीवरील एमसी१आर या ग्राहीला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटते, आत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढतो आणि एमआयटीएफचे उत्पादन चढते. या साखळीला वेळ लागतो, म्हणून नवा रंग दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो. याचाच अर्थ, रापणे ही इजा झाल्यानंतरची तजवीज आहे. रापलेल्या अंगाला ऊन बाधत नाही, हा समज मला धोक्याचा वाटतो आणि मिठागरात लांब बाह्यांचा सदरा घालणेच योग्य आहे. पावसाळ्यात रंगद्रव्याने भरलेल्या वरच्या पेशी गळून जातात व रंग उतरतो.

तळहातांचा आपला प्रश्न फार मोलाचा आहे. तेथील त्वचेच्या खालच्या थरातील फायब्रोब्लास्ट या आधार-ऊती बनवणाऱ्या पेशी डीकेके१ हे प्रथिन भरपूर स्रवतात, असे २००४ च्या संशोधनात आढळले. ते रंगपेशींना मिळणारा डब्ल्यूएनटी हा एमआयटीएफ वाढवणारा संदेश अडवते. परिणामी एमआयटीएफ घटते, आणि तेथे रंगपेशीही कमी व मंद राहतात.

रापलेला रंग मुलांत उतरत नाही, कारण हा सारा बदल त्वचेतच घडतो. मुलांना आईवडिलांकडून एसएलसी२४ए५ सारख्या जनुकांची रूपे मिळतात, आणि मूळ वर्ण ठरवण्यात त्यांचा वाटा असतो.