स्टीलच्या घड्याळाला एवढे पैसे कशाचे?

तुम्ही विचारलंय की मावसभावाने दुबईहून ऑडमार्स पिगेट या स्विस कंपनीचं रॉयल ओक घड्याळ आणलं, साधं स्टीलचं, किंमत ऐकून घरातल्यांना घाम फुटला, आणि वर ते दिवसाला दोन-तीन सेकंद पुढे पळतं, म्हणजे तुमचं हजार रुपयांचं सेलवर चालणारं घड्याळ त्याच्यापेक्षा बरं. मग हे नुसते नावाचे पैसे का? थोडे नावाचे आहेतच, ते काही नाकारत नाही. बाकीचे कशाचे ते सांगतो, जरा लांबण लागेल.

आधी उच्चार. ऑडमार्स पिगेट नाही, ओदमार पिगे. (मी स्वतः दहाएक वर्षं चुकीचं म्हणत होतो, कोणी टोकलं नाही.) ज्यूल ओदमार आणि एडवर्ड पिगे या दोघांनी 1875 साली ल ब्रासू नावाच्या गावात हे सुरू केलं. गाव वाले द जू या दरीत, हजार मीटरच्या आसपास उंचीवर, फ्रान्सच्या हद्दीला चिकटून. तिथला हिवाळा असा की शेतीचं काम महिनोन्‌महिने ठप्प, मग शेतकरी खिडकीशी बसून घड्याळाचे सुटे भाग करायचे, एका घरात चाकं, दुसऱ्या घरात स्प्रिंगा, असं. या दोघांनी त्यातलं सगळ्यात किचकट काम उचललं, कळ दाबली की वेळ वाजवून सांगणारी, तारीख-वार-चंद्रकला दाखवणारी घड्याळं. 1951 पर्यंत त्यांच्या घड्याळात एकासारखं दुसरं नव्हतं म्हणतात, कारखाना नव्हताच तो, मोठं घरच.

आता तुमचं रॉयल ओक. 1969 च्या डिसेंबरात सेको या जपानी कंपनीने टोकियोत पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, मनगटी घड्याळ आणलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळधंद्यातले नव्वद हजारांच्या आसपास कामगार होते ते तीसेक हजारांवर आले. त्या धामधुमीत कंपनीचा तेव्हाचा मुख्य जॉर्ज गोले याने जेराल्ड जेंटा या डिझायनरला बासेलच्या घड्याळ-प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी चारला फोन केला, स्टीलचं एक घड्याळ पाहिजे, कधी कोणी केलं नाही असं, आणि चित्र उद्या सकाळी. जेंटाने रात्रीतून काढलं. हा किस्सा जेंटाच नंतर सांगायचा, आता रंगवून सांगत असेल तर देव जाणे. 1972 ला ते बाजारात आलं, 39 मिलिमीटर, म्हणजे तेव्हाच्या मानाने तवाच, आणि किंमत 3300 फ्रँकच्या आसपास, सोन्याच्या कित्येक घड्याळांपेक्षा जास्त. लोकांनी वेड्यात काढलं, पहिला लॉट खपायला वेळ लागला.

पण स्टीलला एवढी किंमत का, तर खरी गंमत इथे आहे. पहिले नमुने पांढऱ्या सोन्याचे केले होते कारण सोनं मऊ, कापायला सोपं, स्टीलने त्यांना रडवलं. तुमच्या भावाचं घड्याळ उजेडात तिरकं धरून बघा. वरची अष्टकोनी कड खरखरीत, बारीक सरळ रेघांची, आणि तिच्या बाजूने आरशासारखी चकचकीत पट्टी. या दोन्हींच्या मधली रेघ बघा, सुरीच्या पात्यासारखी धारदार पाहिजे. पॉलिश करताना हात जरासा जास्त चालला की ती रेघ गोलावते, आणि एकदा गोलावली की परत आणायची म्हणजे धातू घासूनच काढायचा. म्हणून सांगतो, हे घड्याळ कोपऱ्यावरच्या दुकानात 'जरा चमकवून द्या' म्हणून अजिबात देऊ नका.

मग त्या अष्टकोनी कडेवरचे आठ स्क्रू. त्यांच्या खाचा सगळ्या वर्तुळाच्या रेषेत असतात, एकही वाकडी नाही. मी पण आधी समजायचो की कोणीतरी बसून एकेक जुळवत असेल. तसं नाही, ते स्क्रू नाहीतच, षटकोनी डोक्याचे बोल्ट आहेत, पांढऱ्या सोन्याचे, षटकोनी खड्ड्यात बसतात, फिरूच शकत नाहीत, आवळतात ते मागच्या बाजूने. स्वस्तातल्या नकला इथेच पकडल्या जातात, त्यांच्या खाचा दहा दिशांना.

आतली कारागिरी बघायची तर मागच्या काचेतून भिंग लावून बघा. (1972 च्या मॉडेलला मागे काच नव्हती, उघडायला मागचं झाकणही नव्हतं, मशीन वरून आत जायचं.) चाकांना धरून ठेवणाऱ्या पट्ट्या असतात, ब्रिज म्हणतात, त्यांच्या कडा 45 अंशात तासून चकचकीत केलेल्या असतात. याला ते अँग्लाज म्हणतात. शेवटची चमक द्यायला अजूनही जेन्शियन नावाच्या डोंगरी झाडाची वाळलेली काडी वापरतात, तिला बारीक पेस्ट लावून घासतात. बाहेरचा कोपरा मशीनने पण होतो. आतला कोपरा, जिथे दोन कडा आत वळून एका रेघेत भेटतात, तो मशीनला जमत नाही, कटर गोल असतो ना, तिथे कानस आणि हातच. तेव्हा महागडं घड्याळ बघताना आधी आतले कोपरे शोधा. खरं सांगायचं तर साध्या रॉयल ओकमध्ये असे कोपरे कमीच, पुष्कळ काम आज मशीनवर होतं, शेवटचा हात माणसाचा.

मी एकदा भंगारातल्या खिशातल्या घड्याळाचा ब्रिज घेऊन हा प्रयोग करून बघितला. तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी कड लाटांसारखी, दुसऱ्या रविवारी कानस सटकून ब्रिजच्या तोंडावर चरा, तिसऱ्या रविवारी बायकोने विचारलं हे नक्की काय चाललंय. तो ब्रिज अजून ड्रॉवरमध्ये आहे.

आता कंपनी अजून संस्थापकांच्या कुटुंबाकडेच आहे हा मुद्दा, तो लोकांना जाहिरातबाजी वाटतो पण तसा नाही. शेजारची घड्याळकंपनी जेजर लकूल्त्र 2000 साली रिशमॉं या मोठ्या ग्रुपने घेतली, तिच्यात ओदमारचा स्वतःचा 40 टक्के हिस्सा होता, तोही विकला गेला. स्वतःची कंपनी मात्र यांनी विकली नाही. 1992 ते 2022 तीस वर्षं संस्थापकाची पणती जास्मिन ओदमार अध्यक्ष होती, त्याआधी ती जिनिव्हाच्या एका दैनिकाची संपादक! आता अध्यक्ष बाहेरचा आहे, मालकी घरातच. याने फरक काय पडतो? 1978 बघा. सगळा धंदा बुडतोय आणि यांच्या तीन घड्याळजींनी कामाच्या वेळेबाहेर, गुपचूप, 3.95 मिलिमीटर जाडीचं पर्पेच्युअल कॅलेंडरचं, म्हणजे लहान-मोठे महिने स्वतःच ओळखून तारीख बदलणारं, मशीन जुळवलं. असल्या मशीनमध्ये 48 महिन्यांचं एक चाक असतं, चार वर्षांत एकच फेरा, कडेला खाचा, महिना जितका लहान तितकी खाच खोल, त्यामुळे लीप वर्षाचा फेब्रुवारीही ते आपोआप ओळखतं. 2100 ला मात्र फसेल कारण ते लीप वर्ष नाही. (आपला अधिक मास त्यात बसवायचा म्हटला तर त्या तिघांनी राजीनामा दिला असता.) दर तीन महिन्यांनी शेअर बाजाराला हिशोब द्यायचा असता तर असल्या घड्याळाला तेव्हा कोणी हो म्हटलं असतं असं मला वाटत नाही.

बाकी आजची वेटिंग लिस्ट, सेकंडहँडचे भाव, त्याचं मला काही कौतुक नाही. आणि कंपनी एकाच डिझाइनवर फार टेकून बसलीय असंही वाटतं.

सेकंदांचं म्हणाल तर दिवसाला दोन-तीन सेकंद स्प्रिंगवर चालणाऱ्या घड्याळाला उत्तम, ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. आणि भावाला एक सांगा, रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मधे तारीख बदलायची नाही, तेव्हा तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात, जोर लावला की दात तुटतो, आणि मग ते घड्याळ थेट स्वित्झर्लंडला जातं, महिन्यांसाठी.