आधी लाकडाचा ढीग बघा, मग मेनू

प्रश्न : ताई, वर्षभरापूर्वी आम्ही टेक्सासला आलो. ऑफिसात बार्बेक्यूवरून, म्हणजे लाकडाच्या धुरावर मंद शिजवलेल्या मांसावरून, रोज वाद, एकजण नॉर्थ कॅरोलायनाचा आहे, तो म्हणतो टेक्सासवाल्यांना यातलं काही कळतच नाही. आम्ही दोन ठिकाणी खाऊन बघितलं, एकीकडे चामड्यासारखं कडक, दुसरीकडे नुसता गोड सॉस. चांगली जागा ओळखायची कशी? आणि आमच्या घरात बीफ-पोर्क चालत नाही, मग आम्ही काय खायचं?

उत्तर : गाडी लावली की आधी मागच्या बाजूला चक्कर मारा. लाकूड रचलेलं दिसलं पाहिजे, मध्य टेक्सासात बहुतेक पोस्ट ओक असतं. मग धुराकडे बघा. पातळ, निळसर धूर म्हणजे आग नीट पेटलीय, पांढरा दाट लोट सतत येत असेल तर मांस कडू लागणार. आणि दुपारीच 'संपलं' अशी पाटी दिसली तर नाराज होऊ नका, उलट दुसऱ्या दिवशी लवकर जा, कारण ब्रिस्केटला, म्हणजे बीफच्या छातीच्या मोठ्या तुकड्याला, दहा-बारा तास सहज लागतात, संपलं म्हणून लगेच दुसरं लावता येत नाही. त्यात मध्येच, साधारण 65 ते 75 अंश सेल्सियसला, मांसाचं तापमान तासन्‌तास हलतच नाही, कारण आतलं पाणी बाहेर येऊन उडत राहतं आणि मांस गार ठेवतं, अगदी आपल्या माठासारखं. इथे घाई केली की तुम्हाला मिळालं तसं चामडं होतं. ऑफिसातलं कोणी घेईल तेव्हा बघा, ब्रिस्केटची चकती बोटावर टाकली तर दोन्हीकडे लवून पडते पण तुटत नाही आणि हलकंसं ओढलं की सुटते. कडेची गुलाबी रेघ मात्र चवीचं काही सांगत नाही, ती धुरातल्या वायूमुळे येते.

आता वाद. टेक्सासात जर्मन आणि चेक खाटकांच्या दुकानांतून ही पद्धत वाढली, म्हणून मीठ-मिरी आणि कागदावर वाढलेलं मांस. पूर्व नॉर्थ कॅरोलायनात अख्खं डुक्कर आणि व्हिनेगर-मिरचीचं पातळ पाणी, त्याच राज्यात लेक्सिंग्टनकडे गेलात की फक्त खांदा आणि सॉसमध्ये थोडं केचप, आणि एवढ्यावरूनही तिथे घराघरात भांडणं! कॅन्सस सिटीचा सॉस दाट आणि गोड, मेम्फिसला रिब्जवर, म्हणजे बरगड्यांवर, कोरडा मसाला. माझं मत विचाराल तर गोड सॉस आधीच ओतून देतात तिथे मला शंका येते, सॉस बाजूला मागा आणि पहिला घास कोरडाच खा.

तुमच्यासाठी टेक्सासात स्मोक्ड टर्की मिळते, चांगल्या हाताची असली तर खरंच रसरशीत असते. बीन्स मात्र विचारून घ्या, त्यात ब्रिस्केटचे तुकडे किंवा बेकन घालायची पद्धत आहे. अलाबामात डेकेटरला 1925 मध्ये सुरू झालेलं बिग बॉब गिब्सन आहे, तिथे धुरावरची कोंबडी मेयोनीज-व्हिनेगरच्या पांढऱ्या सॉसमध्ये बुडवून देतात. आणि मटण हवं असेल तर केंटकीतलं ओवेन्सबरो गाठा. तिथे मोठ्या वयाची मेंढी हिकरीच्या लाकडावर भाजतात, सोबत काळसर आंबट डिप, आपल्या माणसाला ही चव लगेच जवळची वाटेल. लांब आहे, पण सुट्टीत तिकडे जाणार असाल तर रस्ता थोडा वाकडा करा.