२४ एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरने तीन टनांची ट्रॉली ओढता येईल का?

तुम्ही लिहिलंय की ट्रॅक्टर २४ एचपीचा, वजन अंदाजे ८५० किलो. मागे चार चाकी ट्रॉली, तिला ब्रेक नाहीत, भरली की तीन टनांच्या आसपास जाते. सपाट रस्त्यावर तो ती आरामात ओढतो, मग लोक घाबरवतात कशाला, असा तुमचा प्रश्न आहे.

ओढेल. चाकं फिरायला लागली की सपाट, कडक रस्त्यावर तीन टन हलवायला फारसा जोर लागत नाही. म्हणूनच हे धोक्याचं आहे, कारण ओढता आलं की माणसाला वाटतं थांबवताही येईल. छोट्या ट्रॅक्टरच्या बाबतीत मी आधी थांबवण्याचा विचार करतो आणि मग ओढण्याचा.

तुमचेच आकडे घेऊन पाहू. दर दहा मीटरला एक मीटर उतरणारा रस्ता धरा. तिथे तीन टनांची ट्रॉली ट्रॅक्टरला सुमारे ३०० किलोच्या जोराने मागून ढकलते, शिवाय ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन ८५ किलोने खाली ओढतं. म्हणजे एकूण ३८५. आता धरणारं काय आहे? बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि त्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग असतो, म्हणजे ५१० किलो. सुट्या खडीवर टायरची पकड या वजनाच्या निम्म्याहूनही कमी असते. म्हणजे धरायला जेमतेम २००–२५० किलोचा जोर मिळतो. चाकं जमिनीला घासतात त्याने थोडी मदत होते, पण गाडी थांबवायला हातात काहीच उरत नाही. ब्रेक कितीही चांगले असोत, चाकं जाम होऊन ट्रॅक्टर घसरत जाणार.

हे मी स्वतः अनुभवलंय. भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर होतो, गिअर बदलायला म्हणून क्लच दाबला. इंजिनने धरून ठेवलेलं सगळं त्या क्षणी सुटलं. ब्रेक दाबला तर मागची चाकं जाम झाली आणि ट्रॉलीने ट्रॅक्टरचा मागचा भाग कडेला ढकलायला सुरुवात केली. स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नव्हता. रस्त्याच्या कडेला मऊ मातीचा बांध होता, त्यात पुढची चाकं रुतली म्हणून थांबलो. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे : उतार सुरू होण्याआधीच थांबायचं, लो गिअर टाकायचा, आणि खाली सपाटीवर पोहोचेपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये, किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल तर अजिबात नको. ट्रॅक्टर फोर व्हील ड्राइव्ह असेल तर उतारावर पुढचा ड्राइव्ह लावून ठेवा, म्हणजे इंजिनने धरून ठेवण्याचा जोर चारही चाकांना मिळतो. हायड्रोस्टॅटिक गाडी (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारी, पेडलने वेग कमीजास्त होणारी) असेल तर पेडल झटकन सोडू नका. ट्रॅक्टर एकदम रोखला जातो आणि ट्रॉली मागून आदळते.

किती वजन चालेल? अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ब्रेक नसलेल्या ट्रॉलीसाठी ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीच्या आसपासची मर्यादा दिलेली असते, तीही वेग ताशी ३२ किमीच्या आत ठेवून. तुमच्या हिशेबाने ही मर्यादा १,२७५ किलो होते, आणि त्यात रिकाम्या ट्रॉलीचं वजनही धरायचं. तुमच्या मॅन्युअलमध्ये याहून कमी आकडा असेल तर तोच खरा. माल डोळ्यांनी मोजू नका. एक घनमीटर खडी दीड टनाच्या आसपास भरते, ओली वाळू त्याहून जास्त. फळ्यांपर्यंतही न भरलेली ट्रॉली मर्यादेबाहेर गेलेली असू शकते. एकदा वजनकाट्यावर नेऊन बघा आणि त्या पातळीला फळीवर आतून रंगाची रेघ मारून ठेवा.

आता चढ. इथे धोका उलटा आहे, ट्रॅक्टर पुढून उठतो. ट्रॉली नेहमी ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढायच्या दांड्यालाच जोडा. टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या तीन दांड्यांपैकी वरच्या) जागी किंवा मागच्या अ‍ॅक्सलच्या वर कुठेही साखळी किंवा हुक अडकवला की ओढीचा जोर ट्रॅक्टरला मागे उलटवतो, आणि हे दीड सेकंदाच्या आत होतं. माणसाला क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. लोअर लिंकमध्ये, म्हणजे खालच्या दोन दांड्यांमध्ये, आडवी पट्टी टाकून तिला ट्रॉली लावणारेही पाहिलेत. ती पट्टी वर उचलली जाऊ शकते, म्हणून मला ती मान्य नाही. पुढे वजनाच्या पाट्या लावल्या तर तोंड उचलणं कमी होतं, पण चुकीच्या जागी लावलेल्या हुकावर तो उपाय नव्हे. चढावर क्लच हळू सोडा. रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट) असेल तर तो उभा ठेवा आणि सीट बेल्ट लावा.

पुढे कधी दोन चाकी ट्रॉली घेतलीत तर माल अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे ठेवा. फार पुढे गेला तर हुकावर भार येऊन ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि वळत नाहीत. मागे गेला तर ट्रॉली हुकालाच वर उचलते आणि मागच्या चाकांची पकड जाते.

डाव्या आणि उजव्या चाकाची दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी कडी रस्त्यावर निघण्याआधी लावाच. शेतात वळताना आपण ती सोडतो आणि मग विसरतो. मागे वजन असताना एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो. ट्रॉली जोडायची पिन लॉकची असावी, जवळचा कुठलाही बोल्ट घालू नका, आणि सोबत सुरक्षा साखळी ठेवा. वेग दहाचा वीस केला तर थांबवायला चौपट ऊर्जा जिरवावी लागते, म्हणून भरलेली ट्रॉली मी रिकाम्या रस्त्यावरही सावकाशच नेतो.

तुमच्या जागी मी असतो तर एका तीन टनांऐवजी कमी भरलेल्या चार खेपा केल्या असत्या, किंवा ट्रॉलीला ब्रेक बसवून घेतले असते. तेही मॅन्युअलमधली ब्रेकवाल्या ट्रॉलीची मर्यादा पाहूनच. तुमच्या वाटेत सगळ्यात तीव्र उतार कुठे आहे आणि तिथे डांबर आहे की खडी, हे लिहा. त्यावरून एका खेपेला किती भरायचं ते आपण बसवू.