शहरी आणि औद्योगिक मिश्र सांडपाण्यावर ओझोन प्रक्रिया कितपत उपयोगी आहे?

पंचगंगेच्या खोऱ्यात घरगुती मैलापाण्यात इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या कापड प्रक्रियेचे रंगीत पाणी मिसळते, ते ओझोनने शुद्ध होईल का, असा आपला प्रश्न आहे. रंगापुरते उत्तर होकारार्थी आहे. ओझोन हा प्रभावी ऑक्सिडीकारक असून अ‍ॅझो रंगांतील (कापडासाठी सर्रास वापरले जाणारे कृत्रिम रंग) नायट्रोजनचे दुहेरी बंध तो तोडतो, त्यामुळे रंग लवकर उतरतो. मात्र रेणूंचे तुकडे पाण्यातच राहत असल्याने सीओडी (पाण्यातील पदार्थांच्या रासायनिक ऑक्सिडीकरणास लागणारा ऑक्सिजन) त्या प्रमाणात घटत नाही, उलट हे तुकडे जिवाणूंना पचण्याजोगे असल्याने बीओडी (जिवाणूंना असे पदार्थ पचवण्यास लागणारा ऑक्सिजन) काही वेळा वाढलेलाही दिसतो. म्हणून ओझोननंतर जैविक गाळणी ठेवणे श्रेयस्कर.

कच्च्या सांडपाण्यात ओझोन सोडणे म्हणजे, माझ्या मते, वीज वाया घालवणे होय, कारण गाळ आणि सहज विघटन होणारे पदार्थच ओझोन आधी संपवतात. प्राथमिक व जैविक प्रक्रिया झाल्यावरच त्याचा वापर करावा. ओझोन साठवता येत नाही, जागेवरच तयार करावा लागतो आणि शुद्ध ऑक्सिजनपासून एक किलो ओझोन बनवण्यास साधारण 10 युनिट वीज लागते.

विरघळलेले क्षार ओझोनने कमी होत नाहीत. पाण्यात ब्रोमाइड असल्यास कर्करोगकारक ठरू शकणारे ब्रोमेट तयार होण्याची शक्यता असते, तेव्हा औद्योगिक पाण्याची तपासणी आधीच करून घ्यावी. न वापरला गेलेला ओझोन श्वसनास घातक असल्याने टाकीवर तो नष्ट करणारी यंत्रणा अनिवार्य समजावी.