जुलाब-उलट्या थांबल्यात, उद्या खानावळीत कामाला जाऊ का?

उद्या नको. शेवटचा जुलाब किंवा उलटी होऊन पूर्ण ४८ तास जाऊ देत. बरं वाटलं तरी विषाणू पोटातून बाहेर पडतच असतात.

तुम्ही लिहिलंय, मालवणात मे महिन्याची गर्दी आहे आणि मालक म्हणतायत, ‘नुसती सोलकढी कर.’ नेमकी तीच नको! सुरमई निदान तव्यावर भाजून तरी निघते. सोलकढीचा नारळ हाताने पिळायचा, खाली गॅस नाही, आणि जाते प्रत्येक ताटात. सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका, जुलाब-उलट्या करणारा नोरोव्हायरस नावाचा विषाणू त्याला फारसा जुमानत नाही. साबण-पाणीच हवं.

मालकांना आजच फोन करा. गिऱ्हाइकं आजारी पडली तर बोभाटा त्यांच्याच खानावळीचा होईल. शौचातून रक्त पडलं किंवा ताप आला तर ४८ तासांचा हिशेब सोडा, डॉक्टरांना विचारूनच जा.